पाण्याचं पुसा : बोअरचं पाणी आणि मुलाचा अमेरिकेतून फोन

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय 67, देवरी तालुका, जिल्हा गोंदिया. गावाचं नाव छापू नका, नाहीतर उद्या अर्धं गाव आमच्या सांदवाडीत उभं राहील.

घरी वडिलांच्या हातची बांधीव विहीर आहे, 38 फूट. मार्च संपला की तिचा तळ दिसते, म्हणून दोन सालांमागं बोअर मारली, 220 फूट. कवेलूचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, न्हाणीत गिझर लावला. गच्चीवर टाकी ठेवायची राहूनच गेली, त्यामुळे मोटर सुरू केली की पाणी थेट न्हाणीत आणि स्वयंपाकघरात. थोरला मुलगा अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात असतो. त्यानं यंदा घर घेतलं. घर घ्यायच्या आधी विहिरीचं पाणी तपासलं तर त्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघाला, लिटरला 9,000 पिकोक्युरी (किरणोत्साराचं तिकडचं माप). तेव्हापासून तो रोज फोन करून राहिला, "बाबा, आपल्याकडंही ग्रॅनाइटच आहे, आपल्या बोअरचं तपासलं का?" हिनं तर बोअरचं पाणी पिणंच सोडलं. शेजाऱ्याच्या हातपंपावरून पाण्याचे दोन गुंड भरून आणते. धाकटा म्हणतो, विहीर बुजवू, गाडी ठेवायला जागा होईल. एक आरओवाला येऊन गेला, "रेडिएशन काढणारी" मशीन 24 हजारांत देतो म्हणाला.

मला सांगा, आमच्या पाण्यात रेडॉन असेल का? असला तर पिणं बंद करावं का? उन्हाळ्यात कूलरमध्ये हेच पाणी टाकतो, तर तो वायू रात्रभर आमच्या अंगावर येते का? आणि मागच्या साली शेजारच्या गावात विहिरीत उतरलेला माणूस "गॅस लागून" गेला, तो रेडॉनच होता का?

उत्तर : गुरुजी, आधी वहिनींना सांगा, शेजाऱ्याचा हातपंप म्हणजेही बोअरच. तुमच्या बोअरला लागलेल्याच खडकातलं पाणी तो वर काढतो, फक्त मोटरीच्या जागी दांडा आहे. डोक्यावरच्या गुंडात हिंदकळून वाटेत थोडा वायू उडत असेल, तेवढाच फायदा. फिरणं होतं म्हणून जात असतील तर जाऊ द्या.

जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत मी 29 वर्षं काढली. जलसुरक्षक पोरं गावोगावच्या बाटल्या घेऊन यायची, आम्ही जंतू, फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, लोह बघायचो आणि कागद हातात द्यायचो. रेडॉन त्या यादीत नव्हता. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, अल्फा आणि बीटा या दोन जातींच्या किरणोत्साराच्या मर्यादा आहेत, रेडॉनचा वेगळा आकडा नाही. शिवाय अल्फाची नेहमीची तपासणी करताना पाणी आटवून खाली उरलेला साका मोजतात. आटवताना रेडॉन केव्हाच उडून गेलेला असतो. म्हणून कोणी "अल्फाचा रिपोर्ट चांगला आला" असा कागद दाखवला, तरी रेडॉनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

युरेनियम थोडंफार सगळ्याच खडकांत असतं. ते फार सावकाश, कोट्यवधी वर्षांत, एकातून दुसरं होत होत रेडियमपर्यंत येतं आणि रेडियमपासून रेडॉन निघतो. त्याच्या आधीची सगळी पिढी घन, खडकात रुतून बसलेली. हा एकटाच वायू, म्हणून फटीतून सुटतो आणि फटीत पाणी असलं की त्यात विरघळतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. तुमच्या नळाच्या पाण्याला फेस येतो, पांढरट दिसतं, तर ती साधी हवा आहे. पाण्यातल्या रेडॉनचं प्रमाण इतकं किरकोळ की डोळ्यांनी दिसण्याचा प्रश्नच नाही. पावणेचार दिवसांत तो आपोआप निम्मा होतो, साडेसात दिवसांत पाव, महिनाभर बंद बाटलीत ठेवला तर दोनशेवा हिस्साही उरत नाही. मात्र बोअरमध्ये तो संपत नाही, कारण खडक रोज नवा घालत असतो.

आता तुमच्याकडं असेल का? मला एक सांगा, बोअर मारताना मशीनखालून भुकटी कोणत्या रंगाची उडाली होती? काळी-करडी असेल तर तो बेसाल्ट, आपण काळा पाषाण म्हणतो तो. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, वर्धा आणि यवतमाळचा बराच भाग त्यावर बसलेला आहे, आणि त्यात युरेनियम कमी असतं. भुकटी पांढरट, गुलाबी झाक असलेली, उन्हात अभ्रकासारखी चकाकणारी असेल, तर मग ग्रॅनाइट किंवा त्याचा जुना भाऊबंद, नाइस नावाचा खडक. तुमचा देवरी-सालेकसा-आमगाव पट्टा दुसऱ्या प्रकारचा. भूशास्त्रात 'आमगाव नाइस' हे त्या खडकाचं नावच आहे. आमगाव स्टेशनावर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. सीमेपलीकडं छत्तीसगडात डोंगरगडचा ग्रॅनाइट, आणि राजनांदगावकडं बोदलला तर युरेनियमचा शोधही झाला. तेव्हा तुमचा मुलगा उगाच घाबरवत नाही. न्यू हॅम्पशायरला तिकडं ग्रॅनाइटचं राज्य म्हणतात, आणि दोन्हीकडचा खडक एका जातीचा आहे हे त्यानं बरोबर हेरलं.

पण खडकावरून शक्यता कळते, आकडा कळत नाही. एकाच आवारातल्या दोन बोअरींच्या पाण्यात कितीतरी पट फरक पडू शकतो. पाणी कोणत्या फटीतून आलं, फटीत किती दिवस मुरलं, यावर सगळं असतं. पाणाड्याला विचारून उपयोग नाही आणि पायाळू माणसालाही हे कळत नाही. मोजावंच लागतं. कसं मोजायचं ते पुढं सांगते.

त्याआधी भीतीची दिशा बदलू. तुम्ही विचारता, पिणं बंद करावं का. रेडॉनच्या बाबतीत पोटापेक्षा फुप्फुस महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं 1999 मध्ये हिशेब मांडला, त्यात पाण्यातल्या रेडॉनमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी 89 टक्के फुप्फुसाचे निघाले, पाण्यातून घराच्या हवेत आलेल्या वायूमुळे. पिण्यातून पोटाच्या कर्करोगाचे 11 टक्के. सगळे मिळून वर्षाला 168, तेही साऱ्या अमेरिकेत. म्हणजे तुमच्या पेल्यापेक्षा न्हाणीकडं बघायला पाहिजे.

(पाण्याचं प्रेम माणसाला कुठं नेतं बघा. शंभर वर्षांपूर्वी तिकडंच लोक पैसे मोजून रेडियमचं पाणी औषध म्हणून प्यायचे. एबेन बायर्स नावाच्या धनाढ्य उद्योगपतीनं शेकड्यांनी बाटल्या रिचवल्या, त्याच्या जबड्याची हाडं झडली आणि 1932 मध्ये तो गेला. रेडियम वेगळं, ते हाडात घर करून बसतं. रेडॉन पोटातून पुन्हा श्वासावाटे बराचसा बाहेर पडतो.)

मुलाचा आकडा घेऊ. 9,000 पिकोक्युरी म्हणजे आपल्याकडच्या मापात लिटरला 333 बेकरेल. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. पाण्यात जितका रेडॉन असेल त्याचा साधारण दहा हजारावा हिस्सा घराच्या हवेत सरासरी येतो, असा अंदाज धरतात. 333 बेकरेल लिटरला, म्हणजे हजार लिटरच्या घनमीटरला 3,33,000, आणि त्याचा दहा हजारावा हिस्सा म्हणून हवेत घनमीटरला 33 च्या आसपास भर. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या हवेसाठी 100 हा आकडा सुचवते, आणि तो जमणं अगदीच शक्य नसेल तरी 300 च्या वर जाऊ नका म्हणते. अमेरिकेत 148 च्या वर गेलं की दुरुस्ती करा म्हणतात. मुलाच्या घरी पाण्यामुळे येणारी भर म्हणजे त्या रेषेच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्यानं तळघरातली हवा मोजली का, हे मात्र त्याला नक्की विचारा. घरातला बहुतेक रेडॉन जमिनीतून, तळघराच्या भेगांतून वर येतो. 1984 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचा माणूस अणुवीज केंद्रात कामाला जायचा आणि किरणोत्साराचा गजर वाजायचा. गंमत म्हणजे ते केंद्र अजून सुरूही झालेलं नव्हतं. तो किरणोत्सार घरून अंगावर घेऊन यायचा. घराखालची जमीनच तशी होती. तिथपासून तिकडच्या लोकांना घरातला रेडॉन कळला.

आता तुमची न्हाणी. सहा बाय पाच फूट, उंची आठ, म्हणजे सात घनमीटर हवा भरते. दोन बादल्या गरम पाणी, 30 लिटर. मुलाइतकाच रेडॉन तुमच्या पाण्यात आहे असं धरू, तर त्या पाण्यात 10,000 बेकरेल. गरम पाणी अंगावर ओतताना त्यातला दोन-तृतीयांश सुटतो, म्हणजे त्या खोलीत दहा मिनिटं घनमीटरला 900 च्या वर. आकडा मोठा वाटेल, पण दार बंद असतं तोवरच, आणि दुसरी एक गोष्ट आहे. खरा त्रास रेडॉनचा नसतो, त्याच्या पोरांचा असतो. शास्त्रातही त्यांना अपत्यंच म्हणतात. रेडॉन फुटून पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे घन कण होतात, ते धुळीला चिकटतात आणि फुप्फुसात बसून राहतात. ताज्या रेडॉनमध्ये ती पोरं मोजकीच असतात, त्यांची पूर्ण भर व्हायला तीनेक तास लागतात. तुम्ही आंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर येईतो ती जेमतेम जन्माला आलेली असतात. न्हाणीला वरच्या बाजूला झरोका ठेवला आणि तो सिमेंटनं बुजवला नाही, तर गोष्ट तिथंच मिटते. नव्या घरात तो झरोका ठेवला की मिस्त्रीनं "पाल येते" म्हणून बंद केला?

कवेलूच्या घरात हा प्रश्न पडलाच नसता. कवेलूंच्या फटीतून इतका वारा खेळतो की कोणताही वायू तिथं मुक्काम करत नाही. स्लॅबचं घर, काचेच्या खिडक्या, थंडीत सगळं बंद, ही नवी गोष्ट आहे. तरी आपण तळघरात राहत नाही आणि सहा महिने घर तापवत बसत नाही, हा मोठा दिलासा.

तुमचा कूलरचा प्रश्न मला फार आवडला, गेल्या पाच वर्षांत असा कोणी विचारला नव्हता. कूलरमध्ये पाणी वाळ्यावरून झिरपतं, म्हणजे त्यातला वायू पुरता झटकला जातो, आणि पंखा तो घरात ढकलतो. तर्क बरोबर आहे. पण कूलर तासाला निदान दोन हजार घनमीटर हवा घरात ढकलतो. 50 लिटरच्या टाकीतला 16,650 बेकरेल रेडॉन सगळा एकाच तासात सुटला असं धरलं, तरी घनमीटरला 8 पडतात. तेही पहिल्या तासात, पुढं फक्त भरीचं पाणी. आणि कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर दमट होतं, म्हणजे घरातली जुनी हवा आधीच बाहेर. मे महिन्यात कूलर बिनधास्त लावा.

विहीर बुजवायचं धाकट्याच्या डोक्यातून काढा. हे मी सगळ्यात जोर देऊन लिहिते आहे. उघड्या विहिरीचं पाणी सूर्याखाली, वाऱ्यावर पडून असतं, त्यातला रेडॉन वरच्या थरातून सतत उडत असतो. बादली पडते, पाणी खवळतं, अजून उडतो. रहाटावरून ओढताना सांडतं, गुंडात ओतताना पुन्हा उडतो. आपली आजी पाणी दोनदा गाळून, उंचावरून ओतून माठात भरायची. तिला रेडॉनचं नावही ठाऊक नव्हतं, पण हवा लावण्याचं काम ती रोज करत होती. तुमच्या बोअरनं काय केलं, तर दोनशे फुटांवरचं पाणी बंद पाइपातून, हवेचं तोंडही न बघता थेट न्हाणीत आणून सोडलं. रेडॉनच्या बाबतीत खोल बंद बोअर आणि उघडी विहीर यांत एवढाच फरक आहे, आणि तो सगळा विहिरीच्या बाजूनं आहे. जंतूंच्या बाबतीत मात्र उलटं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावंच लागतं आणि कठडा-जाळी ठीक ठेवावी लागते. शिवाय पावसाचं पाणी मुरवायला बांधीव विहिरीसारखी जागा नाही. बुजवून मिळेल काय, एका गाडीची सावली.

विहिरीत गेलेला तो माणूस रेडॉननं गेला नाही. रेडॉन असा कोणाला जागेवर पाडत नाही, त्याचं काम वर्षानुवर्षांचं. विहिरीत माणूस जातो तो प्राणवायू न मिळाल्यामुळे. तळाशी पालापाचोळा कुजतो, जड कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचतो. किंवा कोणी डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवलेलं असतं, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. जुने लोक दोरीला कंदील बांधून सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. ते चांगलंच आहे, पण कार्बन मोनॉक्साइडनं कंदील विझत नाही, हे लक्षात ठेवा. इंजिन वरच ठेवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोन माणसं उभी करा, आणि आतला माणूस बोलेनासा झाला तर उतरू नका, दोर ओढा. हा मजकूर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला तरी मला चालेल.

आरओवाल्याचे 24 हजार वाचवा. आरओचा पडदा क्षार अडवतो. विरघळलेला वायू त्याला जुमानत नाही, पलीकडं जातो. त्यात कोळशाची नळी असते ती थोडा रेडॉन धरते, पण ती एवढीशी आणि फक्त पिण्याच्या पाण्यापुरती. आपला प्रश्न तर न्हाणीच्या हवेचा आहे. कोळशाची मोठी टाकी बसवून सगळ्या घराचं पाणी गाळता येतं. मात्र मग रेडॉनची पोरं त्या कोळशात साचतात, त्यातलं शिसं 22 वर्षांनी निम्मं होतं, आणि ती टाकीच किरणोत्साराचा साठा होऊन बसते. असलं खटलं घरात घेऊ नका.

तुमचा उपाय गच्चीवर आहे, तो तुम्हीच लिहिला आहे: टाकी ठेवायची राहून गेली. ठेवा. दोन दिवसांचं पाणी मावेल अशी, गच्चीवर, उघड्यावर. बोअरचा पाइप टाकीच्या तळाशी नेऊ नका. वरून, झारीसारखं शिंतडत पडू द्या. पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला तुकडा कोणताही प्लंबर बसवून देतो. झाकणाला किंवा वरच्या बाजूला हवेची नळी ठेवा आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. वायू जाळीतून जातो, डास जात नाही. जाळीवर माझा भर आहे, कारण रेडॉनच्या भीतीनं कोणी टाकी उघडी टाकली तर आठवड्याभरात डेंग्यूची पैदास होईल. नुसत्या शिंतडण्यानं आणि थांबण्यानं बराच रेडॉन जातो. पाण्यात हवा सोडणारी बांधीव यंत्रणा 99 टक्क्यांपर्यंत काढते, पण तुमचा आकडा फारच मोठा निघाला तरच तिचा विचार.

आणि आकडा मोठा म्हणजे किती? युरोपात 2013 च्या निर्देशात लिटरला 100 बेकरेलपासून लक्ष घाला आणि 1,000 च्या वर गेलं तर दुसरा विचार न करता दुरुस्ती करा, असं धरलं आहे. अमेरिकेनं 1999 मध्ये 11 बेकरेलचा प्रस्ताव मांडला, राज्यानं घरातल्या हवेचा कार्यक्रम राबवला तर 148 पर्यंत चालेल असंही म्हटलं, आणि तो नियम काही पक्का झाला नाही. मी तुमच्या जागी असते तर 100 च्या आत आल्यावर विषय सोडला असता, 100 ते 1,000 मध्ये टाकी आणि झरोका केला असता, आणि त्यावर गेलं तर घरातली हवासुद्धा मोजून घेतली असती.

मोजायचं असं. जिल्ह्याच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत हे होत नाही. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत रेडॉन मोजणारे लोक असतात, त्यांना आधी फोन करा, ते कोणत्या दिवशी बाटली घेतील ते विचारा आणि त्याच दिवशी पाणी भरा. सोमवारी भरून पुढच्या सोमवारी पोचवलं तर पावाहून थोडंच जास्त शिल्लक राहील. मोटर 15 मिनिटं चालू द्या. रबरी नळी मोटरच्या तोंडाला लावून बादलीच्या तळाशी न्या, हळूहळू, बुडबुडा न येता बादली भरून वाहू द्या. घट्ट झाकणाची काचेची बाटली त्या बादलीत बुडवून पाण्याखालीच भरा आणि पाण्याखालीच झाकण लावा. उलटी करून बघा. हवेचा एक मणीही दिसला तर ओतून पुन्हा भरा. तारीख आणि घड्याळाची वेळ बाटलीवर लिहा. माझ्याकडं लोक थंड्याच्या बाटलीत अर्धं पाणी भरून एसटीत मांडीवर हिंदकळत आणायचे. क्षारासाठी चालून जातं, पण रेडॉनसाठी ती रिकामी बाटलीच समजा. तुम्ही तीन भरा: बोअरची, जुन्या विहिरीची आणि वहिनींच्या हातपंपाची. भांडण मिटेल.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी गोंदिया जिल्ह्यातून पत्र आल्यावर मी विचारणारच. तुम्ही विडी ओढता का? रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं महत्त्वाचं कारण मानतात, आणि दोन्ही एकत्र आले की बेरीज होत नाही, त्याहून जास्त होतं. ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट. तुमच्याकडं विडीचा कट्टा असेल तर टाकीआधी तो बंद करा. आणि त्याच फेरीत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्याचं फ्लोराइड आणि नायट्रेटही बघून घ्या. 220 फुटांवरच्या ग्रॅनाइटमधून मला रेडॉनआधी फ्लोराइडची शंका येते.

प्रश्न : आमच्याकडं पांढरकवड्याजवळ शेतात बोअर आहे, तेच घरी पितो. मुलगी 14 वर्षांची, तिच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आले आहेत. घासून जात नाहीत. टीव्हीवर पाण्यातल्या रेडिएशनचं ऐकलं, त्याचंच असेल का? धाकटा मुलगा 4 वर्षांचा आहे.

उत्तर : ताई, रेडिएशनचा यात काही संबंध नाही. तुमच्या पट्ट्यात आणि अशा दातांत आधी फ्लोराइड बघायचं. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा पर्यायच नसेल तर 1.5 पर्यंत, त्यापुढं नको. मुलीचे पट्टे आता घासून जाणार नाहीत, ते दात हाडात तयार होत असतानाच पडले. दंतवैद्य वरून झाकू शकतात, त्याला घाई नाही. घाई धाकट्याची आहे. त्याचे पक्के दात आत्ता, याच वर्षांत आतल्या आत बनत आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून बाटली पाठवा आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याच्या पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा, उघड्या विहिरीचं किंवा नळयोजनेचं. वर गुरुजींना आरओ घेऊ नका म्हटलं, तुम्हाला मात्र फ्लोराइड जास्त निघालं तर आरओ उपयोगाचा आहे, तो फ्लोराइड अडवतो.

प्रश्न : दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा. सासूबाई म्हणतात, पाणी खळखळून 20 मिनिटं उकळलं की त्यातलं सगळं वाईट जातं. घरात 5 महिन्यांचं बाळ आहे, त्याला वरचं दूध त्याच पाण्यात देतो.

उत्तर : सासूबाईंचं निम्मं बरोबर. उकळल्यानं जंतू मरतात, रेडॉन असला तर उडतो. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काहीच उडत नाही. उलट दहा लिटरचं आटून आठ लिटर राहिलं, की तेवढंच मीठ कमी पाण्यात, म्हणजे घट्ट. बाळाच्या बाबतीत नायट्रेट महत्त्वाचं, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर इतक्या लहान जिवाच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याचं काम अडतं, ओठ-नखं निळसर दिसतात. तसं कधी दिसलं तर थांबू नका, थेट दवाखाना. पाण्याची नायट्रेटची तपासणी याच आठवड्यात करा आणि तोवर बाळाच्या दुधासाठी बोअरचं पाणी नको, नळयोजनेचं घ्या. तेही उकळायचं, पण 20 मिनिटं नाही. मोठे बुडबुडे फुटू लागले की एक मिनिट, मग गॅस बंद करून झाकण.